पाली, राजस्थान नव्हे!
रूळ आणि फोन यांच्याकडून शिकलेली इंग्रजी

मगरिबची नमाज होऊन घरात चहा चालला होता, तेवढ्यात भाच्याचा फोन वाजला. मुंबईचा नंबर पाहताच त्याने कप खाली ठेवला आणि उठून उभा राहिला. आखातातल्या एका रेल्वेच्या देखभालीच्या कामासाठी त्याने अर्ज केला होता. रत्नागिरीत आयटीआयचा फिटरचा कोर्स झालेला, हातात कसब, वय बावीस. पलीकडून कुणीतरी भराभर इंग्रजी बोलत होते आणि हा प्रत्येक वाक्याला "येस सर, येस सर" म्हणत होता.

शेवटी पलीकडच्याने विचारले, "पाली? पाली, राजस्थान?"

आणि आमचा मुलगा म्हणाला, "येस सर."

आठ दिवसांनी पत्र आले. ट्रेड टेस्टचे केंद्र राजस्थानात पडले होते. टेस्ट तीन दिवसांवर आली होती. पुन्हा फोन करून चूक दुरुस्त करून घे, असे घरातल्या सगळ्यांनी सांगितले. पण पुन्हा फोन करायचा म्हणजे पुन्हा इंग्रजी बोलायचे. त्याने फोन केला नाही. टेस्टची तारीख निघून गेली.

दोष त्या माणसाचाही म्हणता येत नाही. राजस्थानात पाली नावाचा अख्खा जिल्हा आहे, पाली मारवाड नावाचे रेल्वे स्टेशन आहे. आपल्या रायगडात सुधागड तालुक्याचे पाली आहे, मुंबईत पाली हिल आहे. मुंबई–गोवा महामार्गावर हातखंब्याच्या पुढे, जिथून कोल्हापूरचा रस्ता नाणीज-साखरप्याकडे वळतो, ते आमचे पाली त्या माणसाला कसे ठाऊक असणार? ते सांगण्याचे काम आमचे होते.

मी तीस वर्षे शाळेत इंग्रजी शिकवले. हा मुलगा दहावीला माझ्याच हाताखाली होता आणि इंग्रजीत त्याला चांगले गुण होते. त्याला पॅसिव्ह व्हॉइस येत होता, निबंध येत होता. "नो सर, पाली, रत्नागिरी" हे चार शब्द मात्र वेळेवर तोंडातून निघाले नाहीत. त्या रात्री मला झोप लागली नाही. नापास तो झाला नव्हता, मी झालो होतो.

रेल्वेचा प्रायव्हेट नंबर

आमच्या शेजारी एक चाचा राहतात. कोकण रेल्वेत रुळांच्या देखभालीत नोकरी करून निवृत्त झाले. शिक्षण सातवी. झालेला प्रकार ऐकून ते हसले नाहीत. म्हणाले, "मास्तर, रेल्वेत असा 'येस सर' कुणी म्हणाला तर माणसं मरतील."

मग त्यांनी समजावले. जिथे फाटक सिग्नलला जोडलेले नसते, तिथे गाडी सोडण्याआधी स्टेशन मास्तर गेटमनला फोन करतो. गेटमन फाटक बंद करतो आणि नुसते "हो, बंद केले" असे म्हणत नाही. त्याच्याजवळ आकड्यांचा एक छापील तक्ता असतो, त्यातला पुढचा नंबर तो फोनवर सांगतो. त्याला प्रायव्हेट नंबर म्हणतात. स्टेशन मास्तर तो नंबर लिहून घेतो आणि एकदा वापरलेला नंबर खोडला जातो. 'हो' हा शब्द सवयीनेही निघतो, झोपेतही निघतो. नंबर मात्र तक्ता पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

कोकण रेल्वेच्या मार्गावर साधारण दर किलोमीटरला आणीबाणीच्या फोनसाठी सॉकेट बसवलेले आहेत. पावसाळ्यात रात्री गस्त घालणारा माणूस तिथे आपला फोन जोडून थेट स्टेशनशी बोलू शकतो. चाचांनी अशा अनेक रात्री काढल्या. "पावसाच्या आवाजात नीट ऐकू यायचं नाही," ते म्हणाले, "तेव्हा मी विचारायचो, पुन्हा सांगा. पुन्हा विचारलं म्हणून कुणी रागावलं नाही. न विचारता निघून गेलो असतो तर रागावले असते."

मला माझा धडा मिळाला. फोनवरच्या इंग्रजीचा पहिला नियम व्याकरणाचा नाही, गेटमनचा आहे. ऐकले ते परत म्हणून दाखवायचे आणि कळले नाही तर पुन्हा विचारायचे.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या ओट्यावर वर्ग सुरू झाला. विद्यार्थी दोन, भाचा आणि त्याची आई म्हणजे माझी आपा. मास्तरही दोन, चाचा आणि मी. पुस्तक नव्हते. रुळांवरचे शब्द चाचा सांगत आणि मी ते फोडून दाखवी.

रूळ आणि शब्दांचे जोड

सुरुवात 'रेल' या शब्दापासून झाली. इंग्लंडच्या खाणींत सुरुवातीला लाकडी रुळांवरून गाड्या ढकलत. मग लाकडावर लोखंडी पट्ट्या आल्या, मग ओतीव लोखंड, मग घडीव लोखंड. १८५७ मध्ये इंग्लंडमधल्या डर्बी स्टेशनात पोलादी रूळ टाकला गेला आणि लोखंडी रूळ जिथे काही महिन्यांत झिजत, तिथे तो वर्षानुवर्षे टिकला. आपल्याकडे पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे धावली.

आता शब्द जोडू. रेल, रेल्वे, रेलिंग, मोनोरेल. पुढे 'डी' लावला की 'त्यापासून दूर', म्हणजे डीरेल, रुळावरून घसरणे. शेवटी 'मेंट' लावले की क्रियेचे नाम होते, डीरेलमेंट. 'मेंट' हा डबा आणखी कुठे जोडता येतो? पे–पेमेंट, अ‍ॅग्री–अ‍ॅग्रीमेंट, एम्प्लॉय–एम्प्लॉयमेंट. एम्प्लॉयला 'अर' जोडला तर काम देणारा, एम्प्लॉयर. 'ई' जोडली तर ज्याला काम दिले तो, एम्प्लॉयी. आखातात जाणाऱ्या मुलाच्या करारनाम्यात हे दोन शब्द पानोपानी येतात. तिकिटाचा खर्च एम्प्लॉयरने करायचा की एम्प्लॉयीने, हे एका अक्षरावर ठरते. भाच्याने त्या दिवशी आपला जुना, न वाचताच जपून ठेवलेला कराराचा नमुना काढला आणि पेन्सिलने दोन्ही शब्दांखाली रेघा मारल्या.

मग 'फिशप्लेट'. दोन रुळांचे तुकडे दोन्ही बाजूंनी पट्ट्या लावून बोल्टने आवळतात, ती पट्टी. इंग्लंडच्या विल्यम ब्रिजेस अ‍ॅडम्सने ती १८४० च्या दशकात काढली. आपा म्हणाली, "म्हणजे मासळीसारखी दिसते का?" नाही. जहाजाची डोलकाठी कमजोर झाली की तिला आधार म्हणून बांधायच्या लाकडी पट्टीला इंग्रज खलाशी 'फिश' म्हणत. रुळाखालच्या खडीला 'बॅलास्ट' म्हणतात, तोही जहाजाचाच शब्द. रिकामे जहाज डोलू नये म्हणून तळाशी भरायचे वजन म्हणजे बॅलास्ट. ज्या कोकणी मुसलमानांच्या कितीतरी घरांतले आजे-पणजे जहाजावर होते, त्यांना हे शब्द परके वाटायचे कारण नाही.

रुळांच्या दोन तुकड्यांमध्ये पूर्वी फट ठेवत. पोलाद उन्हात वाढते. १३ मीटर लांबीचा रूळ तापमान ३० अंशांनी चढले तर सुमारे साडेचार मिलिमीटर वाढतो. गाडीचा जुना खडखडाट त्या फटींचा होता. पुढे रूळ एकमेकांना वेल्ड करण्याची पद्धत आली. जर्मनीच्या हान्स गोल्डश्मिट यांनी १८९५ मध्ये पेटंट घेतलेल्या थर्मिट पद्धतीत अ‍ॅल्युमिनियमची पूड आणि लोखंडाचा ऑक्साइड पेटवतात. त्यातून निघालेले वितळलेले लोखंड दोन रुळांमध्ये ओतले की ते एकजीव होतात. वेल्ड, वेल्डर, वेल्डिंग, वेल्डेड. असा लांबलचक रूळ उन्हात वाढू पाहतो, पण खालचे स्लीपर आणि खडी त्याला धरून ठेवतात.

त्यासाठी स्लीपरही भारी लागतो. लाकडाच्या जागी आता काँक्रीटचा आला, तोसुद्धा 'प्रीस्ट्रेस्ड'. 'प्री' म्हणजे आधी. काँक्रीट ओतण्याआधी पोलादी तारा ताणून धरतात, ते घट्ट झाल्यावर तारा सोडतात. तारा आक्रसू पाहतात आणि काँक्रीटला आवळून ठेवतात. प्रीपेड सिम ज्याने घेतले आहे, त्याला 'प्री' शिकवावा लागत नाही. मुख्य मार्गांवर एका किलोमीटरला साधारण १,६६० स्लीपर बसतात. स्लीपरला रूळ धरून ठेवणाऱ्या वळलेल्या पोलादी क्लिपला चाचा 'पँड्रॉल' म्हणतात. तिची मूळ कल्पना नॉर्वेच्या पेर पांदे-रोल्फसेन या इंजिनिअरची. त्याच्याच आडनावाचे तुकडे जोडून हा शब्द झाला.

आपल्या दारातली रेल्वे

कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्गावर खुली झाली. सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग, नव्वदहून अधिक बोगदे. त्यातला सर्वांत लांब, साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यात. रत्नागिरी आणि निवसर या स्टेशनांमधला पानवल नदीवरचा पूल ६४ मीटर उंच आहे. हा पूल 'इन्क्रिमेंटल लाँचिंग' पद्धतीने बांधला. म्हणजे एका टोकाला पुलाचा एकेक भाग ओतायचा आणि जॅकने थोडाथोडा पुढे ढकलायचा. खोल दरीत खालून मचाण उभारायला नको.

'इन्क्रिमेंट' म्हटल्यावर आपाच बोलली, "हा तर पगारवाढीचा शब्द!" बरोबर. थोडीथोडी वाढ. पगार वाढतो तसाच तो पूल वाढला.

'गेज' म्हणजे माप. भारतातल्या ब्रॉडगेजमध्ये दोन रुळांतले अंतर १,६७६ मिलिमीटर, जगात बहुतेक ठिकाणी १,४३५. तोच शब्द 'रेन गेज' मध्ये आहे. कोकण रेल्वेने रत्नागिरीसह अनेक स्टेशनांवर पाऊस आपोआप नोंदवणारे रेन गेज बसवले आहेत. पानवलच्या पुलावर वारा मोजणारे 'अ‍ॅनिमोमीटर' आहे. मीटर म्हणजे मोजणारा. मग थर्मोमीटर काय, स्पीडोमीटर काय, हे मुलांनी स्वतःच सांगितले.

ही मोजमापे हौसेने आलेली नाहीत. जून २००३ मध्ये वैभववाडीजवळ आणि जून २००४ मध्ये करंजाडीजवळ रुळांवर आलेल्या दगडांमुळे गाड्या घसरल्या आणि माणसे गेली. आज पावसाळ्यात इथे वेगळे वेळापत्रक असते, वेग कमी असतो, गस्त असते, डोंगरउतारांवर जाळ्या असतात. आधी चूक झाली, मग तिच्यातून नवी रीत निघाली. आमच्या घरातही तसेच झाले.

एक सावधगिरी मात्र सांगून ठेवतो. प्रत्येक शब्द असा फोडता येत नाही. 'डिपार्ट' म्हणजे निघणे आणि 'डिपार्चर' म्हणजे प्रस्थान, हे ठीक. पण 'डिपार्टमेंट' म्हणजे निघून जाण्याची क्रिया नव्हे, खाते. फिशप्लेटमध्ये मासा नाही. म्हणून शब्द फोडून अंदाज बांधावा आणि मग शब्दकोश उघडून खात्री करावी. तोही गेटमनचाच नियम.

आता फोन उचला

अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १० मार्च १८७६ रोजी आपल्या मदतनिसाशी फोनवर पहिले वाक्य बोलले. फोन उचलल्यावर काय म्हणायचे, याचे त्यांना आवडणारे उत्तर 'अहॉय' असे होते, तीही खलाशांचीच हाक. 'हॅलो' चा आग्रह एडिसन यांचा आणि तोच टिकला.

आमच्या वर्गात रोज पंधरा मिनिटे एकाने आतल्या खोलीतून आणि दुसऱ्याने ओट्यावरून फोन करायचा, असे ठरले. समोरासमोर बसून नाही, कारण समोर असला की माणूस हातवाऱ्यांनी भागवतो. ही वाक्ये आम्ही भिंतीवर लावली:

"हॅलो, कुड यू प्लीज स्पीक स्लोली?" कृपया सावकाश बोलाल का?

"सॉरी, आय डिड नॉट गेट दॅट. प्लीज से इट अगेन." कळले नाही, पुन्हा सांगा.

"डिड यू से फिफ्टीन, वन फाइव्ह?" पंधरा म्हणालात का, एक-पाच?

"लेट मी रीड इट बॅक टू यू." लिहिलेले परत वाचून दाखवतो.

"नो सर, दॅट इज नॉट करेक्ट." नाही साहेब, हे बरोबर नाही.

"कुड यू प्लीज सेंड इट इन रायटिंग?" लेखी पाठवाल का?

यात पाचवे वाक्य सगळ्यांत कठीण गेले. इंग्रजी अवघड म्हणून नव्हे. मोठ्यांना 'नाही' म्हणू नये, हा आपल्याकडचा अदब आहे आणि तो चांगलाच आहे. पण चुकीला 'हो' म्हणणे हा अदब नव्हे. 'सर' आणि 'प्लीज' ठेवूनही 'नो' म्हणता येते, हे मुलाच्या गळी उतरवायला मला आठवडा लागला.

नाव आणि गाव सांगताना अक्षरे फोडून सांगायची. 'बी' आणि 'डी', 'पी' आणि 'टी' फोनवर सारखीच ऐकू येतात. विमानवाहतुकीसाठी १९५६ पासून जगभर एक ठरलेली अक्षरमाला वापरली जाते. ए फॉर अल्फा, बी फॉर ब्राव्हो, सी फॉर चार्ली. आकडेही एकेक करून सांगायचे, कारण 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' मध्ये फोनवर फरक उरत नाही.

याचा पहिला उपयोग भाच्याला नाही, आपाला झाला. आमच्या अम्मींना साखरेचा आजार आहे. शुगर वाढली म्हणून मुंबईच्या डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर घाईत होते, इंग्रजीत इन्सुलिनचे युनिट सांगून फोन ठेवायला निघाले. आपाला ते 'फिफ्टी' असे ऐकू आले. महिन्यापूर्वी तिने "जी, बरं" म्हणून फोन ठेवला असता. या वेळी ती म्हणाली, "सर, वन फाइव्ह, ऑर फाइव्ह झीरो?" डॉक्टर थांबले. म्हणाले, "वन फाइव्ह. व्हेरी गुड, यू आस्क्ड."

फोन ठेवून ती बराच वेळ गप्प बसली. तिचे शिक्षण चौथीपर्यंत झाले आहे. शाळेत कुणी तिला इंग्रजीत 'व्हेरी गुड' म्हटले नव्हते.

मदिनेच्या वाटेवर

वाचकहो, ही इंग्रजी फक्त नोकरीपुरती नाही. आपल्यापैकी अनेक घरांतली माणसे उमराहला जातात. ऑटोमन काळात, १९०८ मध्ये दमास्कसहून निघालेली हिजाझ रेल्वे मदिनेपर्यंत पोहोचली. तिच्यासाठी जगभरच्या मुसलमानांनी वर्गणी दिली होती, त्यात हिंदुस्थानातलेही होते. आज मक्का आणि मदिना जोडणारी हरमैन रेल्वे आहे. ती २०१८ मध्ये सुरू झाली, मार्ग सुमारे ४५० किलोमीटर, वेग ताशी ३०० किलोमीटरपर्यंत. कोकणात रुळांची लढाई दरडीशी, तिथे वाळूशी, कारण उडणारी वाळू रुळांवर आणि खडीत शिरते. तिथल्या स्टेशनवर घोषणा अरबीत आणि इंग्रजीत होतात. अरायव्हल, डिपार्चर, प्लॅटफॉर्म, कोच. हे चार शब्द ओळखणारी आपली अम्मी किंवा खाला गर्दीत चुकली, तरी घाबरणार नाही.

पापा, अल्फा, लिमा, इंडिया

चार महिन्यांनी भाच्याने दुसरीकडे अर्ज केला. पुन्हा संध्याकाळी फोन आला, पुन्हा तो उभा राहिला. चाचा ओट्यावर बसले होते, त्यांनी हाताने खूण केली, "बस." तो बसला.

बोलणे दहा मिनिटे चालले. व्याकरण चुकत होते, मला ऐकू येत होते. तीनदा त्याने "प्लीज से इट अगेन" म्हटले. ट्रेड टेस्टची तारीख लिहून घेतली आणि परत वाचून दाखवली. मग पलीकडून तो जुना प्रश्न आला.

"पाली, राजस्थान?"

"नो सर," तो म्हणाला. "दॅट इज नॉट करेक्ट. पाली, डिस्ट्रिक्ट रत्नागिरी, महाराष्ट्र. आय विल स्पेल इट. पापा, अल्फा, लिमा, इंडिया."

या वेळी केंद्र मुंबईचे मिळाले. टेस्ट झाली आहे, निकाल यायचा आहे, इन्शाअल्लाह चांगलाच येईल. तो कसाही आला, तरी आमच्या गावाचे नाव आता त्या मुलाच्या तोंडून कुणी बदलू शकणार नाही.

आजपासून आपल्या घरीही पंधरा मिनिटांचा हा वर्ग सुरू करा. रूळ जवळ नसतील तर शिलाई मशीन घ्या, रिक्षा घ्या, औषधाची बाटली घ्या. त्यावरचे पाच शब्द फोडा, जोडा. मग एकाने आतल्या खोलीत जाऊन फोन करा आणि ऐकलेले परत म्हणून दाखवा. पहिल्या दिवशी हसू येईल. येऊ द्या. ओट्यावर झालेली चूक स्वस्त असते.